भट्टीशेजारचा अर्ज

गरम वाळूत फुटणाऱ्या हरभऱ्यांचा वास आला, की परंड्याची आमची फुटाणे भाजणारी शेजारीण आठवते. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून सुट्टीत आल्यावर तिनं आपल्या मुलाचा मास्तरकीचा पहिला अर्ज मला लिहायला सांगितला. तिच्या भट्टीशेजारी बसून मी रिवाजाप्रमाणं उर्दूत सुरुवात केली आणि तिला मराठीत अर्थ सांगितला, "हा पायाची धूळ, कसलीच लायकी नसलेला, आपल्याकडं नोकरी मागतो." तिचा झारा थांबला. "आरं लेकरा, लायकीच न्हाय म्हणल्यावर नोकरी कोण दील?" मी चाचरत म्हणालो, "मावशी, साहेबांना असंच लिहितात." "लिव की. पर गल्लीतली पोरं ह्यानं वाचायला शिकवली, ते कोण लिवणार, म्या?" मुलगा लाजून म्हणाला, "आई, ते काय सांगायचं असतंय व्हय?" मलाही खात्री नव्हती, तरी मी ती ओळ घातली. साहेबांनी त्याला बोलावून नेमकं तेवढंच विचारलं आणि नोकरी दिली. पुढं कितीतरी दिवस मावशी गिऱ्हाइकांना फुटाणे देताना सांगायची, "अर्ज त्यानं लिवला, पर ती वळ माजी हाय." आता माझ्याकडं कुणी पहिला अर्ज लिहून घ्यायला आलं, की मी आधी विचारतो, "आईला आणलंयस का?"