टोकावरच्या बाईनं गायचं

आमचं वावर पांढरकवड्याच्या अलीकडे, जंगलाला लागून आहे. धुरा, म्हणजे शेताचा बांध, संपला की नाला, आणि नाल्यापलीकडे सागवान. लग्न होऊन आले तेव्हा मला ते सागवान फार आवडायचं. आता त्याच्याकडे पाठ करून वाकायची हिंमत होत नाही.

वाघ दुसऱ्याच्या शिवारात असतो तोवर तो गप्पांना बरा. शेजारच्या वावरात भरदुपारी बांधलेली गाय गेली, आणि आमच्याकडे वेचणीला यायला बाया नाही म्हणू लागल्या. त्यांचं बरोबरच होतं. कापूस वेचणारी बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते, पऱ्हाटीत तिचं डोकंसुद्धा दिसत नाही. वनखात्याचे लोक येऊन सांगून गेले, की वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं वाटतं, तेव्हा एकटं राहू नका आणि सारखा आवाज करत राहा. आवाज करा म्हणे! जन्मभर बाईला हळू बोल, हळू हस म्हणून दटावायचं, आणि आता हा हुकूम.

कशाबशा काही बाया यायला तयार झाल्या, तेव्हा आम्ही आधी मोबाईल लावला. पिशवीत घालून धुऱ्यावरच्या बाभळीला टांगला आणि गाणी मोठ्यानं सुरू केली. घोळ दुपारी ध्यानात आला. वेचत वेचत आम्ही पार नाल्याकडे सरकलो होतो, आणि मोबाईल बिचारा मागे बाभळीसाठी गात होता. वेचून झालेल्या वावराची राखण चोख झाली, आमची नाही.

"गानं झाडाले नाही, बाईच्या तोंडात पाह्यजे," माझी मोठी जाऊ म्हणाली. घरात आणि वावरात तिचाच शब्द चालतो. तिनं नियम करून टाकला: जिचं तास, म्हणजे वेचायची ओळ, नाल्याच्या टोकाला आधी लागेल तिनं गायचं, आणि सगळ्या जणी परत फिरेपर्यंत थांबायचं नाही.

बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. अडचण माझी होती. माझा आवाज जाडा आहे, अगदी पुरुषासारखा. नवी नवरी असताना दिराच्या हळदीत मी हौसेनं गाणं उचललं होतं. दुसऱ्या कडव्याला मांडवाबाहेरून कुणीतरी ओरडलं, "अबे, भोंगा कोनं लावला?" सारा मांडव हसला. जाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसली. मी गाणं तिथंच टाकलं. तेव्हापासून आरतीलासुद्धा मी नुसते ओठ हलवते, टाळ्या मात्र जोरात वाजवते.

म्हणून मी मुद्दाम हळू वेचू लागले. माझं तास पहिलं टोकाला लागूच द्यायचं नाही.

"तुये हात काहून जड झाले वं?" जाऊनं एकदा विचारलंच.

"कंबर दुखून राह्यली," मी म्हटलं. कंबर कुणाची दुखत नाही?

पण एका सकाळी माझ्या वाट्याला आलेलं तास रानडुकरांनी मोडलेलं निघालं. बोंडंच नव्हती, तर हात रेंगाळणार कशात? मी आपली पुढं सरकत गेले, आणि मान वर केली तर समोर नाला. बाकीच्या बाया खूप मागे होत्या.

"टोकाले कोन हाय?" लांबून जाऊची हाक आली. "आवाज काहून नाही येऊन राह्यला?"

मी ओटीतला कापूस उगाच नीट करू लागले. तेवढ्यात सागावरची वानरं खोकल्यासारखी ओरडायला लागली. वानरं अशी उगाच ओरडत नाहीत, हे इथं लेकरालाही माहीत आहे. धुऱ्यालगतची तूर हलली. वारा नव्हता. ओटीतला कापूस मी दोन्ही हातांनी छातीशी धरला, जसा काही तो मला वाचवणार होता.

आणि खरं सांगते, त्या घडीलासुद्धा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर बाया हसतील. समोर मरण उभं असेल नसेल, आणि मला भोंग्याची पडली होती! मग मला माझाच असा संताप आला की तोंड उघडलं. हळदीचंच गाणं आलं. दुसऱ्या कडव्यावर तोडलं होतं, ते तिथूनच पुढं निघालं. सूर धड नव्हता, आवाज थरथरत होता, पण तो एवढा मोठा होता की मीच दचकले. डोळे तुरीवर ठेवून मी एकेक पाऊल मागे घेत गेले आणि गात राहिले. कधीतरी वानरं गप्प झाली. कधीतरी भीतीच्या खालून दुसरंच काही वर आलं. छाती मोकळी झाली होती, आणि मला ते गाणं संपूच नये असं वाटत होतं.

बाया डबे वाजवत धावत आल्या. नाल्याच्या ओल्या मातीत पंजा उमटला होता, बशीएवढा, आणि त्यात पाणी अजून झिरपत होतं. मी मटकन खाली बसले.

"भोंगा कामी आला माय!" जाऊ म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, पण गाणंही अडलं नाही. बसल्या बसल्या मी राहिलेलं कडवं पुरं केलं.

यंदा वाघ दुसरीकडे सरकलाय म्हणतात. बाया बिनघोर वेचतात, नियम कुणाला आठवत नाही. मला मात्र तुरीजवळ गेलं की अजून धडधडतं. परवा टोकाला लागले आणि आवाज लावला, तशी मागून जाऊ ओरडली, "आता कायले गाते वं? वाघ तं गेला!"

"वाघ गेला, मी नाही गेली," मी तिच्याहून मोठ्यानं ओरडले, आणि पुढचं कडवं उचललं.