अळीने खाल्लेलं पान

गल्लीत त्याला सगळे बागवान म्हणत, आणि त्याच्या घरात शपथेला एक कुंडी नव्हती. नाव ठेवलं ते खालच्या सायकलवाल्याने. एकदा पाना मागायला म्हणून तो वर गेला, दारातून आत बघितलं, आणि खाली येऊन चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, की वर राहतो तो पाट्या रंगवणारा नाही, बागवान आहे. फक्त त्याच्या बागेला पाणी घालावं लागत नाही, फडकं मारावं लागतं.

फडकं बायको मारायची.

दोन खोल्या. बाहेरच्या खोलीच्या तीन भिंतींवर चिनी मातीच्या बश्या, तारेच्या फासात अडकवलेल्या. फळीवर पत्र्याचे जुने डबे, कुणावर द्राक्षांचा घोस, कुणावर घेवड्याचा वेल. जाईची डहाळी रंगवलेला आरसा, त्यात तोंड कमी आणि जाई जास्त दिसायची. दिव्याची काच, हातपंखा, लाकडी पेट्या. दाराआड टेकून ठेवलेल्या, डाळिंबं रंगवलेल्या फरश्या. कुठल्याशा जुन्या ग्रंथातून सुटी झालेली चित्रांची पानं, मुळापासून बीपर्यंत झाड दाखवणारी, काचेत बसवलेली. आतल्या खोलीत माणसं निजायची, पण तिथेही पलंगाखाली पाय गेला तर खळ्ळकन आवाज यायचा.

घ्यायचा तो नेमानेच. पान, फूल, फळ, मूळ, एवढंच. जुन्या बाजारातला दुकानदार, ज्याला हे दोघं मामा म्हणत, त्याने एकदा झाडाखाली बसलेल्या बाईचं चित्र असलेला सुरेख ट्रे दाखवला. बागवानाने उलटसुलट बघून परत दिला. म्हणाला, "बाईला उठवा मामा, झाड नेतो." मामा पुढे वर्षानुवर्षं ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगत राहिला.

एवढा फुलांचा सोस का, याचं उत्तर त्याच्या कामात होतं. जन्म अक्षरं काढण्यात गेला. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, गाडी उभी करू नये, कुत्र्यापासून सावध राहा, दार हळू लावा. शिकाऊ होता तेव्हा एका शिंप्याच्या पाटीच्या कोपऱ्यात त्याने मनानेच छोटासा वेल काढला होता. शिंप्याने बघितलं आणि म्हणाला, वेल पूस, तेवढ्या जागेत फोन नंबर मोठा टाक. त्यानंतर कुणी सांगितलं नाही आणि त्याने काढला नाही. पण रस्त्यात, बाजारात, कुणाच्या अडगळीत वेल दिसला की पाय आपोआप थांबायचे.

आणि उस्तादाने हाताला लावलेली एक सवय होती. उडालेला रंग म्हणजे दुकानाचं दिवाळं, असं उस्ताद म्हणायचा. पाटी फिकी दिसली की लोक समजतात मालक मेला. म्हणून फिकी पाटी बघवायची नाही, तिथल्या तिथे उजळायची. उजळायची कशी, तर आधी घासकागदाने घासून. जुन्याच्या चकाकीवर नवा रंग बसत नाही, पापुद्रा धरून सुटतो. घासून अंग खरबरीत केलं की मग धरतो, आणि धरला की बापजन्मी निघत नाही. उस्तादाचं हे म्हणणं शंभर नंबरी होतं. बागवानाची एक पाटी कधी सोलली नाही.

तर बशी घरी यायची ती दमलेली, फिकी. गुलाबाचा नुसता धूर राहिलेला, पानांची हिरवाई धुऊन धुऊन राखेसारखी झालेली. सुटीच्या दिवशी तो खिडकीशी बसायचा, ओला घासकागद दोन बोटांत धरायचा, आणि एकेका पाकळीवरून हळूच फिरवायचा, लेकराचं नाक पुसावं तसा. मग बारीक ब्रश. पाकळीला पाकळी, शिरेला शीर. बायकोला हाक मारून विचारायचा, कसं दिसतंय. ती पिठाच्या हाताने दारात यायची आणि म्हणायची, छान.

पुढे छापील फलक आले, रंगाऱ्यांच्या शिड्या भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. बागवान घरी बसला, आणि मग रोजच सुटी. पाच-सहा वर्षांत त्याने घरातली एकूण एक वस्तू उजळून काढली. सायकलवाला वर आला की डोळ्यांवर हात धरायचा, म्हणायचा, बागवान, तुमच्याकडे उन्हाळाच जात नाही.

मग घरमालक वारला आणि त्याच्या मुलाला जागा हवी झाली. भांडण असं झालं नाही. मुलगा सभ्य होता, पाय धरल्यासारखं बोलला, पण खोल्या सोडा म्हणाला. लेकीने सांगितलं, माझ्याकडे या. ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची, जावई फिरतीवर असायचा, दोन नातवंडं, घर काड्यापेटीएवढं. आईबाबांना एक कोपरा आणि एक पेटी, याच्यापलीकडे जागा नव्हती, आणि तिने ते घुमवून-फिरवून न सांगता सरळ सांगितलं.

बागवानाने स्वतःसाठी काही मागितलं नाही. कोपरा तर कोपरा. पण ही सगळी पानंफुलं एका छपराखाली राहावीत, फुटाफुटी होऊ नये, एवढ्यावर त्याचा जीव अडकला. तो म्हणायचा, मी गेल्यावर माझं काय करायचं ते करा, यांना वेगळं करू नका. बायको म्हणायची, "माझ्या बहिणी कुठे कुठे दिल्या तेव्हा कुणाला असं वाटलं नाही." पण बोलून ती गप्प बसायची, कारण तीही पुसून पुसून त्यांना ओळखायला लागली होती.

वाट लेकीनेच काढली. तिने मोबाइलवर फोटो काढले आणि शहरातल्या मोठ्या संग्रहालयाला पाठवले. आठवड्याच्या आत उत्तर आलं. तिथल्या बाईंनी लिहिलं होतं, की फुलापानांच्या चित्रकामाचं एक नवं दालन त्या उभं करतायत, आणि इतके ताजे राहिलेले रंग त्यांनी खासगी घरात कधी पाहिले नाहीत. खसखशीच्या झाडाच्या थाळ्याबद्दल त्यांनी मुद्दाम विचारलं होतं. त्या स्वतः येऊन बघणार होत्या.

बागवानाने ते उत्तर लेकीकडून तीनदा वाचून घेतलं. ताजे राहिलेले रंग, या शब्दांशी आला की तो हात वर करून तिला थांबवायचा. मग खाली जाऊन त्याने सायकलवाल्याला सांगितलं, सायकलवाल्याने चहावाल्याला, आणि दोन दिवसांत गल्लीभर झालं की बागवानाच्या नावाची खोली होणार. बायकोने भिंती पुसल्या. त्याने दाढी केली, पांढरा सदरा घातला, आणि पाटीवर नाव कसं लिहितील, कुठल्या वळणाचं अक्षर घेतील, यावर जेवताना बोलत राहिला. बायको म्हणाली, छापील असेल. तो म्हणाला, असू दे.

संग्रहालयाच्या बाई आल्या त्या साध्याच निघाल्या. जिना चढून धाप लागलेली, हातात पिशवी, चप्पल दारात काढून आत आल्या. पहिल्या भिंतीशी हसून गेल्या. दुसऱ्या भिंतीशी हसू थांबलं. पिशवीतून भिंग काढलं, एक बशी उतरवली, उजेडात तिरकी धरली. मग दुसरी. मग दिव्याची काच. काचेत बसवलेल्या चित्रांच्या पानांपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. बायको चहा घेऊन आली तो तसाच निवला.

शेवटी त्यांनी खसखशीचा थाळा खाली काढायला सांगितला. बागवानाने तो स्वतः काढला, छातीशी धरून आणला. संग्रहातला त्याचा सगळ्यात लाडका. मुळाच्या धाग्यांपासून बोंडापर्यंत अख्खं झाड, वर एकच लाल फूल, बाजूला फुटलेलं बोंड आणि सांडलेले दाणे.

बाईंनी विचारलं, हा कुणाकडून रंगवून घेतला. बागवान म्हणाला, रंगवून कशाला घ्यायचा, मीच उजळला. सगळंच मी उजळलंय. त्यात अजूनही अभिमान होता, बायकोला तो ऐकू आला आणि तिने मान खाली घातली, कारण बाईंचा चेहरा ती बघत होती.

आधी घासून, बाईंनी विचारलं.

घासल्याशिवाय धरत नाही, तो म्हणाला.

बाईंनी पिशवीतून एक फोटो काढला. याच थाळ्याचा जोडीदार त्यांच्या संग्रहालयात होता, त्याच हातचा, तेच झाड. बागवानाने फोटो खिडकीशी नेला. फिकं होतं, पण सगळं होतं. खालचं मोठं पान कडेने पिवळं पडून वळलेलं, आणि मधोमध अळीने खाल्लेलं भोक. भोकाच्या काठाला तपकिरी बारीक रेघ, आणि भोकातून मागच्या देठाचा तुकडा दिसत होता.

बाई हळू आवाजात सांगत होत्या, की काढणाऱ्याने बागेत बसून खरं झाड बघून काढलंय, जसं होतं तसं, किडीसकट. म्हणून तर याला मोल. बागवानाने आपला थाळा बघितला. त्याचं पान सबंध होतं. हिरवंगार, तुकतुकीत, दुकानाच्या पाटीसारखं.

"मला वाटलं टवका उडालाय," तो म्हणाला. "म्हणून बुजवलं."

मग त्याने विचारलं, काढता येईल का. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. वरचा रंग काढता येईल, म्हणाल्या, पण खाली काही उरलेलं नाही, ते घासकागदाने नेलं. फरश्यांचं तेच, डब्यांचं तेच. त्यांनी दुसऱ्या काही वस्तूंवर हात ठेवून विचारलं, या फुलाचा मूळ रंग कुठला होता, आठवतं का. बागवानाने प्रत्येकापुढे उभं राहून आठवायचा प्रयत्न केला. त्याला आठवत होता तो त्याने लावलेला रंग. निरोप घेताना बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, आणि आवाज होणार नाही अशा बेताने चप्पल घातली.

लेक दवाखान्यात होती, तिला फोनवर आईने सांगितलं. बागवान थाळा मांडीवर घेऊन बसला होता. दुपार उलटली तरी त्याने सदरा बदलला नाही. मग बायको समोर येऊन बसली, आणि म्हणाली ते न म्हणती तर बरं झालं असतं, पण संसारात इतक्या वर्षांनी माणूस किती गिळणार.

"टवका नव्हता तो. आणलात त्या दिवशी धुताना मी नख लावून बघितलं होतं. गुळगुळीत होतं. चितारलेलं भोक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? कसं दिसतंय म्हणालात. छान दिसत होतं."

ती पुढे सांगत गेली, उठून भिंतीशी जाऊन, बोट ठेवून. हे फूल निळसर होतं, तुम्ही जांभळं केलंत. या फांदीला एक कळी वाळलेली होती. ही पानं खालून पांढुरकी होती, लव असल्यासारखी. तिला सगळं पाठ होतं. रोज फडकं फिरवणाऱ्या हाताला दुसरं काम काय. बागवान ऐकत होता, आणि बायको एकेक सांगेल तसा एकेक बशी त्याच्यापुरती दुसऱ्यांदा जात होती. मध्येच तो म्हणाला, पुरे. ती थांबली, आणि निवलेला चहा मोरीत ओतून आली.

खोल्या सोडायचा दिवस जवळ आला तेव्हा मामाला बोलावलं. मामा म्हातारा झाला होता, पण माल बघून त्याच्या अंगात तरतरी आली. म्हणाला, झकास ठेवलंय, हॉटेलवाले भिंतीला लावायला असलंच मागतात, जुन्याची हौस पण जुनं दिसायला नको. हातोहात जाईल. बागवानाने विचारलं, सगळं एकाच जागी जाईल का. मामा हसला. "अहो, एकाच जागी कोण ठेवणार? तुम्ही एकटेच तसे." बागवानाने मान हलवली. खसखशीचा थाळा मामाने इतर थाळ्यांबरोबर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि कुठल्या गठ्ठ्यात गेला ते कळलंही नाही. सायकलवाला गठ्ठे उचलायला आला होता. एरवी तोंडाला कुलूप नसलेला माणूस, त्या दिवशी खालीवर करत राहिला आणि बागवान म्हणून हाक मारली नाही, काका म्हणाला.

भिंतींवर तारेचे फास तेवढे राहिले, आणि प्रत्येक फासाखाली गोल, भिंतीपेक्षा उजळ डाग.

लेकीच्या घरी जाताना बायकोने एक खोलगट बशी आपल्या लुगड्यांच्या पेटीत घातली. अलीकडेच आणलेली, उजळायची राहून गेलेली. संग्रहालयाच्या बाईंनी तीही बघितली होती आणि सांगितलं होतं, की ही कारखान्यातली, ठशाची, अशा घरोघर सापडतील. कसल्यातरी निळ्या रानफुलांची झुपकेदार किनार. मामालाही ती नको होती.

आता ती दुधावर झाकण म्हणून असते. लेकीच्या घरी भांडी घासायची जाळी आहे, ती कडक. रोज घासलं जातं, आणि रोज किनारीतून काहीतरी जातं. नातीने एकदा विचारलं, आजोबा, तुम्हाला रंगवता येतं ना, ही फुलं पुन्हा काढा ना. बायको भाजी निवडत होती, तिचा हात थांबला.

बागवानाने बशी उजेडाला धरली. पूर्वी वेळ घेऊन फूल बघायचा तसंच बघितलं. नातीला जवळ घेऊन कुठे किती उरलंय ते बोटाने दाखवलं, इथे देठ आहे, इथे पाकळी होती, इथे काही नाही. मग बशी उलटी करून दुधावर ठेवली आणि म्हणाला, "जाऊ दे, जातंय तसं."