माका दिसला

तुमच्याकडे परदेशात दोन गाड्या एकमेकींना घासल्या, तर दोघे खाली उतरतात, फोटो काढतात, विम्याचे कागद दाखवतात आणि हात मिळवून आपापल्या कामाला जातात, असं तुमची आई सांगत होती. चूक कोणाची ते मग विमा कंपनी कुठेतरी बसून ठरवते. ऐकून मला वाईट वाटलं. एवढा चांगला अपघात, आणि आजूबाजूच्या माणसांना त्यातलं काही मिळू नये? आमच्या गावात असला कंजूषपणा नव्हता. माझ्या दिराच्या फटफटीचा अपघात झाला तेव्हा चूक कोणाची हे ठरवायला अख्खा गाव कामधंदा सोडून बसला होता.

ही साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा आपला जिल्हा रत्नागिरीच होता. दीर मुंबईहून एक जुनी फटफटी घेऊन आला होता. ती बोटीने मालवणच्या बंदरात उतरली तेव्हा तिला बघायला जमलेली माणसं पाहून मला माझ्या लग्नाची वरात आठवली. फरक एवढाच की फटफटीला कोणी नावं ठेवली नाहीत. दिराला एका जहाजावर नोकरी लागायची होती. घराण्यात तीन पिढ्या समुद्रावर गेलेल्या, पण सगळ्या गलबतांवर. मोठ्या जहाजावर जाणारा हा पहिला. डॉक्टरची तपासणी झाली होती. आता फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला यायचा होता. ‘याच्यावर कोणताही गुन्हा नाही’ एवढंच त्यात लिहायचं होतं. तोवर त्याने फक्त घरी बसून राहायचं होतं. ते त्याला जमलं नाही.

एका दुपारी कणकवलीहून येताना गावाच्या वळणावर त्याने एका माणसाला धडक दिली. गावात दोन-अडीच हजार माणसं होती, पण याने नेमके शिरस्तेदार निवडले. शिरस्तेदार म्हणजे कोर्टातला वरचा कारकून. हे निवृत्त होऊन गावी आले होते, पण कोर्ट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. बायकोशी भांडतानासुद्धा ते ‘सबब’ आणि ‘उपरोक्त’ म्हणत. ते रस्त्याच्या मधोमध चालत, कारण बैलगाडीवाले त्यांना वळसा घालून जात. फटफटीलाही ही रीत माहीत असेल, असा त्यांचा समज होता. ते डावीकडे सरले, मग उजवीकडे सरले, आणि दीरही प्रत्येक वेळी त्याच बाजूला सरला. शेवटी त्यांचा उजवा हात कोपराच्या वर मोडला. दीर कुंपणात पडला. काट्यांखेरीज त्याला काही झालं नाही, हाही त्याचा एक गुन्हाच धरला गेला.

हाड बसवणारा येण्याआधी शिरस्तेदारांनी हवालदाराला बोलावणं धाडलं. हवालदार घाटावरचा, नुकताच बदलून आलेला. त्याला फिर्याद लिहायचा त्रासच पडला नाही. शिरस्तेदारांनी पडवीत आडवं पडून, कण्हत, ती पूर्णविरामांसकट सांगितली: आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व बेदरकारपणे चालवून इत्यादी. मधे एकदा हवालदाराने ‘हयगय’ चुकीचं लिहिलं, तर त्यांनी डाव्या हाताने पाटीवर काढून दाखवलं म्हणे.

पण फिर्यादीला साक्षीदार लागतो. भर दुपारी वळणावर कोणी नव्हतं. जवळ घर एकच, एका ख्रिस्ती विधवेचं. तिचं माहेर गोव्याचं. सगळा गाव तिला माय म्हणे. शिरस्तेदार हात गळ्यात बांधून हवालदाराबरोबर तिच्याकडे गेले. त्याला आमची बोली समजत नव्हती, म्हणून मदतीला. काय ही परोपकाराची हौस. मायने काय ते सांगितलं, हवालदाराने लिहिलं, आणि शुद्ध मराठीत वाचून दाखवलं. इगर्जीत पाद्री लॅटिन बोलले की माय जशी भक्तिभावाने मान हलवायची, तशीच तिने इथेही हलवली आणि अंगठा दिला. जबाबात ठळक वाक्य होतं: ‘मला तो भरधाव वेगाने येताना दिसला.’

झालं. खटला उभा राहिला, दाखला अडला. शिक्षा झाली तर जहाज कायमचं गेलं, हे दिरालाही कळत होतं. तो दिवसभर माडाखाली बसून समुद्राकडे बघायचा. सासूबाईंनी मायकडची अंडी बंद केली.

“खाल्ल्या पावाक जागूक नाय ती,” त्या म्हणाल्या.

“पाव तिचाच होता ना पण?” मी म्हटलं. नाताळचा पाव आम्हीच तिच्याकडून घ्यायचो.

“तू कोणाची गो? आमची काय तिची?”

तारखेच्या दिवशी मला त्यांनी दिराबरोबर मालवणच्या कोर्टात पाठवलं. “येवढा इंग्रजी शिकलस, ता खंय तरी कामाक येंवदे.” कोर्टाचं सगळं काम मराठीत चाललं. माझी बी.ए.ची पदवी मागच्या बाकावर पदर सावरून बसली.

न्यायाधीश विदर्भाकडचे होते. सरकारी वकिलांनी मायला विचारलं, “गाडी वेगात होती?”

“माका दिसला, वेगान इलो,” माय म्हणाली.

सरकारी वकील समाधानाने खाली बसले. मग आमचे वकील उठले. ते मालवणातलेच, पण वकिली अंगी भिनल्यापासून घरीही पुस्तकी बोलायचे. त्यांनी ठरवलं होतं की मायची नजर अधू आहे हे सिद्ध करायचं.

“तुम्हाला चष्मा आहे?”

“आसा. प्रार्थनेचा पुस्तक वाचूक.”

“म्हणजे लांबचं धूसर दिसतं?”

“लांबचा बरा दिसता. गलबताचा शीड दिसता. कोणाचा गलबत ताय सांगतंय.”

आमच्या वकिलांनी आमच्या बाजूने केलेलं काम एवढंच. ते बसले. दीर माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “वैनी, गेलंय मी.”

न्यायाधीशांना बहुधा जेवायची घाई होती. त्यांनी स्वतःच विचारलं, “त्या वेळी तुम्ही नेमक्या कुठे होता, बाई?”

“पाठल्या दाराक, सायबा. बांगड्यांक मीठ लावी होतंय.”

“मागच्या दारातून रस्ता दिसतो?”

“रस्तो कसो दिसतलो? मधी घर नाय?”

“मग हा माणूस कसा दिसला?”

“हो खंय दिसलो? माका दिसला.”

न्यायाधीशांनी टाक खाली ठेवला. “बाई, दिसला की नाही दिसला?”

“दिसला,” माय शांतपणे म्हणाली. “पण तो नाय दिसलो.”

कोर्टात हसू फुटलं. तुम्हाला हसू येणार नाही, कारण तुमची मालवणी ‘बरा आसा’च्या पुढे गेलेली नाही; म्हणून सांगते. माणूस डोळ्यांना दिसतो तेव्हा आमच्याकडे ‘दिसलो’ म्हणतात. ‘माका दिसला’ म्हणजे मला वाटलं. गोव्याकडची माणसं तर उठता-बसता म्हणतात. मायने मागच्या दारी आवाज ऐकला, आणि गाडी वेगात असावी असं तिला वाटलं. हवालदाराच्या घाटावरच्या कानाने त्या वाटण्याला डोळे दिले होते.

हे न्यायाधीशांना कोण सांगणार? आमचे वकील कागद चाळत होते. मी उठायच्या विचारात होते. तेवढ्यात शिरस्तेदारच उभे राहिले. साक्ष चुकीची नोंदली जाते आहे, आणि आपण कोर्टात असताना! मोडका हात गळ्यात घेऊन ते खणखणीत आवाजात म्हणाले, “नामदार कोर्टाच्या निदर्शनास आणू इच्छितो की, स्थानिक बोलीत सदर शब्दाचा अर्थ ‘वाटले’ असा होतो.”

“आभारी आहे,” न्यायाधीश म्हणाले. “जबाब घेताना आपणच मदतीला हजर होता ना?”

शिरस्तेदार खाली बसले. 

दीर संशयाचा फायदा मिळून सुटला. हा फायदा मोठा मजेशीर. कायदा म्हणतो, तू निर्दोष आहेस असं नाही, पण आमच्याकडे पुरेसा पुरावा नाही. घरी सासूबाईंनी देवाला नारळ दिला आणि मायकडून अंडी आणवली, जणू मधले आठवडे कोंबड्याच रुसल्या होत्या.

संध्याकाळी दीर आभार मानायला मायकडे गेला. मीही गेले.

“माय, वाचवलंस गो माका.”

“मी खंय वाचवलंय?” माय सुकटीची टोपली हलवत म्हणाली. “वेगानच होतंस तू. काय दिसला ता तेंनी विचारला, ता सांगलंय. खरा काय ता तुका कोणी विचारूक नाय.”

 परत येताना दीर आमच्या पाणंदीकडे न वळता शिरस्तेदारांच्या पडवीवर चढला.

“काकानू,” तो म्हणाला, “चूक माझी होती. वेगान होतंय.”

शिरस्तेदारांनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “लेखी दे.”

खटला आता पुन्हा उभा राहणार नव्हता, पण असला कागद जहाज कंपनीला पाठवायला कोण अडवणार होतं? मी दिराचा सदरा मागून ओढला. तरी तो खाली बसला. शिरस्तेदारांनी कागद आणि दौत मागवली. दिराने टाक बुडवला आणि लिहायला सुरुवात केली. 

“‘वेगान’ नव्हे रे, ‘भरधाव’,” शिरस्तेदार म्हणाले. “आणि डावीकडे समास सोड. समास सोडल्याशिवाय कोर्टात कागद घेत नाहीत.”

आतून त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, बाहेर आल्या. शिरस्तेदारांना आमटी-भाताचा घास भरवायची वेळ झाली होती, आणि गेले कित्येक दिवस ते काम त्याच करत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं, कागद बघितला आणि दौत उचलली.

“तुमचो हात मोडलो म्हणान तेची नोकरी मोडतालात?”

“मी फक्त नोंद करून ठेवतोय.”

“मगे मीय करतंय. जबाब घेताना गप कित्याक रवलात, ती नोंद खंयच्या समासात करू?”

शिरस्तेदारांनी तोंड उघडलं. त्या संधीचा फायदा घेऊन काकींनी त्यात घास घातला. तो गिळेपर्यंत त्यांना बोलता येणार नव्हतं, आणि काकींच्या हातात पुढचा घास तयार होता.

“जा रे झिला,” त्या दिराला म्हणाल्या. “बोटीवर सायकल चालव व्हयी तर. फटफटी हयच ठेव.”

दाखला आला आणि दीर जहाजावर गेला. फटफटी सासूबाईंनी कोणालातरी विकायला लावली. शिरस्तेदारांचा हात जरा वाकडाच जुळला. तो कागद त्यांनी अर्धवट, समास सोडलेला, ठेवून दिला की फाडला, ते मी कधी विचारलं नाही. पण दिराच्या नावाने जहाज कंपनीकडे कसलंही पत्र गेलं नाही, आणि तो तिथे बावीस वर्षं टिकला.