भोंग्यावरची मात्रा

कंपाउंडरला कोणी काही विचारत नाही, पण सांगतात मात्र सगळं. काळाचौकीच्या दवाखान्यात बाटल्यांना मात्रेच्या कागदी पट्ट्या चिकटवता चिकटवता माझ्याकडे इतक्या गोष्टी साठल्या, की मित्र जमले की म्हणतात, "अनंता, काढ एखादी." मी हसण्यासारखी शोधायला जातो आणि नेमके भिकूतात्या हाताला लागतात.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. तात्या गिरणीत विणकर. बायको गावाला, मालवणच्या बाजूला. तात्या इथे लालबागच्या चाळीत, गावातल्याच वीसेक जणांच्या खोलीत. हृदय मोठं झालेलं. अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे, धाप लागायची. हॉस्पिटलात नेलं की पंधरा दिवसांत बरे, खोलीवर आले की दोनेक महिन्यांत पुन्हा तेच. वर्षात चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेनंतर तात्या आमच्या डॉक्टरांसमोर बसले आणि म्हणाले, "माका हॉस्पिटलात मराचा नाय. माका गावाक जावचा असा."

डॉक्टरांनी अट घातली. तीन महिने हॉस्पिटलची पायरी चढायला लागली नाही, तरच बोटीचा प्रवास. तीन महिन्यांनी पावसाळा तोंडावर येणार होता आणि बोटी बंद होणार होत्या. म्हणजे एकही खेप चुकून झाली, तर गाव गेलं पुढच्या वर्षावर. पुढचं वर्ष तात्यांना दिसेल असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं.

* * *

"ह्यांचं करणार कोण?" डॉक्टरांनी शालिनीबाईंना विचारलं. शालिनीबाई आमच्या सिस्टर, गिरगावातल्या. घरोघर जाऊन पेशंट बघायचे ही कल्पना त्यांची, आणि डॉक्टरांचा तिच्यावर फारसा विश्वास नव्हता. खोलीत एकही बाईमाणूस नाही, दिवसा रातपाळीवाले झोपलेले, आजारी माणसाला आडवं व्हायलासुद्धा जागा नाही.

बाई खोलीवर गेल्या आणि कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येकाची पाळी लिहून काढली. परत येऊन कागद डॉक्टरांसमोर ठेवला.

"तीन पाळ्या आहेत, डॉक्टर. म्हणजे चोवीस तासांत असा एकही तास नाही, की खोलीत कोणी नाही. माझ्या स्वतःच्या घरात मी आजारी पडले तर एवढी माणसं मिळायची नाहीत."

खिडकीखालची जागा तात्यांना कायमची मिळाली. ती सोनूची होती. सोनू म्हणजे तात्यांच्या वाडीतला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, त्यांनीच शिकवून तयार केलेला. तो दाराबाहेर गॅलरीत झोपायला लागला.

* * *

पाणी साठतंय का हे कळायला रोज वजन बघावं लागतं. खोलीत काटा कुठला? पहिल्या दिवशी मंडळींनी तात्यांना धरून खाली कोळशाच्या वखारीत नेलं आणि वजनं टाकून तोललं. वजन बरोबर निघालं. मग दोन जिने चढून वर येताना तात्यांना अशी धाप लागली, की तिथेच सगळं आटोपायची वेळ आली होती.

बाईंनी दुसरी युक्ती शिकवली. नडगीवर अंगठा दाबायचा, सोडायचा, आणि खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. झालं! कामावर जाणारा जाताना दाबायचा, येणारा आल्यावर दाबायचा. "तात्यानू, अंगठो इलो बघा," म्हणत जो तो अंगठा पुढे करायचा. तात्या एकदा मला म्हणाले, "अनंता, पाण्यान मरूचंय नाय, पण ह्येंच्या अंगठ्यांनी मरान."

* * *

मीठ बंद होतं. ते सांगायला बाई खानावळवाल्या सरूबाईंकडे गेल्या, तर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माझ्या जेवणात मीठ नसतं हे करी रोडपर्यंत पसरलं, तर माझ्याकडे जेवायला कोण येईल?"

तरी दुसऱ्या दिवसापासून तात्यांचा डबा वेगळा यायला लागला, कडीला लाल दोरा बांधून, कोणी चुकून घेऊ नये म्हणून. आठ दिवस झाले तरी नडगीवरचा खळगा काही भरेना. बाईंनी सरूबाईंवर संशय घेतला नाही. सरळ तात्यांची ट्रंक उघडायला लावली. कपड्यांच्या तळाशी कागदात गुंडाळलेले खारवलेले सुके बांगडे निघाले.

तात्या शरमले. "जेवाक नाय, बाई," ते म्हणाले. "वासाक ठेवलंय."

बाईंनी सोनूला सांगून एक बांगडा दोरीला बांधून छताजवळ टांगला, हात पोचणार नाही असा. "वासाला माझी हरकत नाही," म्हणाल्या. तो बांगडा शेवटपर्यंत तिथेच होता.

* * *

आता माझी चूक. औषध दिवसातून तीनदा द्यायचं होतं आणि खोलीत घड्याळ नव्हतं. मीच अक्कल चालवली. "गिरणीचा भोंगा झाला की चमचा," मी सांगितलं. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा; आपल्या गिरणीला सुटी असली तर शेजारच्या गिरणीचा. भोंग्यावर त्यांचं अख्खं आयुष्य चाललेलं, त्यामुळे एक मात्रा कधी चुकली नाही.

मग हरताळ झाला. दोन दिवस गिरण्या बंद, ट्राम बंद, बस बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी शालिनीबाई गिरगावातून चालत काळाचौकीला आल्या आणि मला घेऊन खोलीवर गेल्या. खोलीत पहिल्यांदाच सगळे एकदम हजर होते. तात्या भिंतीला टेकून बसलेले, ओठ काळसर, बोलता येत नव्हतं. बाईंनी नडगीवर अंगठा दाबला. तो नखापर्यंत आत गेला.

फळीवर बाटली होती. मी पट्टी बघितली. आदल्या सकाळपासून औषध एका खुणेनंही उतरलं नव्हतं.

"बाई, भोंगो झालोच नाय," सोनू म्हणाला. "आमी सगळे हयच होतव. वाट बघित होतव."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी डॉक्टरांना बोलवायला धावलो. ते गल्ल्यागल्ल्यांतून आले, पाणी काढायचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "गाडी मिळाली तर हॉस्पिटलात न्यावं लागेल." तात्यांनी डोळे मिटून घेतले. गाडी मिळाली नाही. चार तास आम्ही सगळे लघवीच्या भांड्याकडे बघत बसलो. पहिल्यांदा थोडं, मग भरपूर पाणी पडलं, आणि अंधार पडायच्या आत तात्यांची धाप ओसरली.

पहिलं वाक्य बोलले ते असं: "गिरण बंद, मगे माझा काळीज एकटाच कित्याक चलात, बाई?"

बाई कोणावरच रागावल्या नाहीत, माझ्यावरही नाही. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून बाटलीच्या वरच्या खिळ्याला टांगलं. पुढे महिनाभर त्या नाडी बघायला डॉक्टरांचं घड्याळ मागून न्यायच्या. खोलीतल्या मंडळींनी घड्याळाचा मान राखला, पण भोंगा होईपर्यंत चमचा काही भरला नाही. "घड्याळ मागेफुडे जाता," सोनूनं मला समजावलं. फक्त हरताळाच्या दिवशी ते घड्याळ बघायचे.

* * *

तीन महिने पुरे झाले. डॉक्टरांनी अंगठा दाबला, छाती ऐकली आणि एवढंच म्हणाले, "जा."

धक्क्यावर अख्खी खोली आली होती, रातपाळीवाले न झोपता. सरूबाईंनी लाल दोऱ्याचा डबा दिला. शालिनीबाईंनी औषधांचा कागद सोनूकडून मोठ्यानं वाचून घेतला, कारण तात्यांना वाचता येत नव्हतं, आणि मग तो तात्यांकडून पाठ म्हणवून घेतला. तात्यांनी घड्याळ परत द्यायला पुढे केलं. बाईंनी ते त्यांच्याच मनगटावर बांधलं. तात्या फळीवरून बोटीवर गेले, कठड्याशी उभे राहिले. आमच्यात नि त्यांच्यात हातभर पाणी होतं.

बोटीनं भोंगा दिला.

तात्यांनी तोंड उघडलं. आणि धक्क्यावर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सोनूनं खिशातून चमचा काढला.