खंडेनवमीचं इंजिन

निवृत्त झाल्यावर बदलापूरला लोक आंब्याची कलमं लावतात. आमच्या ह्यांनी विमान लावलं. अंबरनाथच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये जन्म गेला, पण हौस फिटली नाही. कुठल्याशा बंद पडलेल्या कॉलेजनं आवारातलं शोभेचं विमान लिलावात काढलं आणि हे ते घेऊन आले. हवाई दलातल्या पोरांना शिकवायचं, दोन सीटचं, एक पंख वाकलेलं. खरवईच्या आमच्या प्लॉटवर ते ट्रेलरवरून उतरलं तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, "बाजाराला आता इमानान जाशील का गो?" म्हटलं, "हो तर! येताना कोथिंबीर आणू का तुम्हाला?"

पहिल्याच पावसाळ्यात जांभळाची फांदी पडून शेपटी मोडली. मी मनातल्या मनात जांभळाला हात जोडले. पण ह्यांचा जीव शेपटीत नव्हताच, इंजिनात होता. "ठणठणीत आहे. बघ, एक दिवस दुसऱ्या विमानात बसून उडेल." घरातला मिक्सर महिनाभर बंद होता, ते विचारायची सोय नव्हती. दर खंडेनवमीला इंजिनाची पूजा व्हायची. त्यावरची नंबराची पितळी पट्टी हे स्वतः चिंच-मीठ लावून काथ्यानं घासायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणे, "तुझा हात जड आहे."

मग माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि आम्ही चिखलोलीला फ्लॅट घेतला. स्टेशन होणार, असं बिल्डर छातीठोकपणे सांगत होता. धावपट्टीबद्दल काही बोलला नाही. प्लॉट विकला, तेव्हा विमानही विकणं आलं.

उल्हासनगरचा एक सुट्या भागांचा व्यापारी आला. विमानाभोवती फिरला, टिचकी मारून मला म्हणाला, "भाभी, पूरा काट्यावर घालू."

हे असे भडकले की बास! "भंगार नाही ते! सुटं करून विका. आणि इंजिन जाईल ते उडणाऱ्या विमानातच."

"साईं, जैसी आपकी मर्जी," म्हणून तो कामाला लागला. चाकं गेली, काचेच्या तबकड्या गेल्या. पुढची सीट विठ्ठलवाडीच्या एका सलूनवाल्यानं नेली. तिथे लोक आता पायलटच्या थाटात दाढी करून घेतात.

इंजिन बघायला मात्र बंगळुरूहून माणूस आला. जुनी विमानं दुरुस्त करून उडवणारा. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मला पोहे करायला लावले. त्यानं पंखा हातानं फिरवून कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "काका, छान ठेवलंय हो." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही उड्डाण झालंच. मग तो पट्टी शोधायला वाकला. पट्टी आरशासारखी लखलखत होती. तिच्यावर काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

"नंबर कुठे गेला?"

ह्यांनी एका दमात नंबर म्हणून दाखवला. "पाठ आहे मला."

"तुमच्यावर विश्वास आहे, काका. पण तो पट्टीवर लागतो. नाहीतर उडवायची परवानगी नाही मिळणार. शोभेला ठेवता येईल."

पोहे खाऊन तो गेला. एरवी माझ्या तोंडाला टोमण्यांची कधी ददात नसते. त्या दिवशी मी पोह्यांच्या बशा उचलून आत गेले. ह्यांचा चेहरा बघवेना मला.

इंजिन कर्जतच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यानं दारात मांडायला नेलं. त्यावर आता लोक फोटो काढायला पोरं बसवतात.

यंदा खंडेनवमीला हे सकाळपासून गॅलरीत नुसते बसून होते. मी देवघरातल्या देवांचं ताम्हन, काथ्या आणि चिंचेची वाटी त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. म्हटलं, "दरवर्षीचा हात आहे, वाया कशाला घालवता?"

आमचा पितळी बाळकृष्ण चार पिढ्या चिंच खातोय. त्याचं नाक कधीच गेलं, डोळे शोधावे लागतात. ह्यांनी तो उचलला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. "ह्याचंही गेलंय गं सगळं."

"गेलंय की. पण त्याला नंबर नाही कोणी विचारत. घासा."

त्यांनी काथ्या बाजूला ठेवला, बोटानं चिंच घेतली आणि पाय घासले, पाठ घासली. तोंडाला मात्र हात लावला नाही.