दुबळ्या जंतूंचा कैवारी

जंतूंची बाजू घेऊन माणसांशी भांडणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे मान द्यावाच लागतो. खामगावच्या कॉलेजात जन्मभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून आणि उंदरांवर प्रयोग करून साडूभाऊ रिटायर झाले, पण जंतूंनी काही त्यांना रिटायर केलं नाही. घरी दूध जरा गरम असताना विरजण पडलं की स्वयंपाकघरात धावतात. "अवं, भाजून मारतं का त्याह्यले?" भाजीबाजारात मात्र मेथीवाली म्हणेल तो भाव देतात, तोही मी शेजारी उभा असताना! हातगाडीवर गुरांसाठी सरकीची ढेप विकत मी दुकानापर्यंत आलो, तो घासाघीस करूनच. असल्या माणसाबरोबर बाजारात फिरणं म्हणजे अब्रूचा प्रश्न.

त्यांचं एकच वेड. टायफॉईडसारख्या रोगाचा जंतू घ्यायचा, त्याची रोग करायची ताकद काढून घ्यायची, पण जीव ठेवायचा. मग दुसऱ्याच एखाद्या रोगाच्या जंतूचा बिनधोक तुकडा त्याच्याकडून वाहून न्यायचा आणि हे सगळं माणसाला चक्क पाजायचं. सुई नाही, रडारड नाही. शरीर दोन्ही रोगांना ओळखून ठेवतं. हे ते एसटीत, दशक्रियेला, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही समजावतात. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला व्याह्यांनी विचारलं, "पण असा दुबळा जंतू करतो काय?" साडूभाऊंनी जिलबी खाली ठेवली. "तावातावानं येते, वरडते, सारं घर जागं करते, आन थकून आपोआप जाते. अपाय काहीच नाही. आता हे आमचे साडूच घ्या ना!" पंगत हसली. व्याही अजून हसतात. ते मी विसरलेलो नाही.

तरी परवा ते सकाळीच दुकानात आले. नागपूरला अशाच एका लशीची माणसांवर चाचणी सुरू होती. "चाळीस वर्षं उंदरायले पाजली बे. मरायच्या आधी एकदा आपन पिऊन पाहू. तुह्या तोंडाचं काम हाय, चाल."

गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, पन्नासच्या आतलेच घेतो." मी खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, वय अडुसष्ट हाय, पन माल पाहा. पंचावन्न लावा." "नियम आहे." "बरं, अर्धा डोस द्या." बाई हसल्या, पण हलल्या नाहीत. माझा आवाज चढला तसा साडूभाऊंनी माझा दंड धरला. "चूप बस. बाईचं बरोबर हाय. म्हाताऱ्या पोटाचा भरवसा नाही, माह्यापायी त्याइचं काम बिघडन." भाव न पाडता उठायची माझ्यावर पहिलीच वेळ.

बाहेर बाकावर लस पिऊन आलेली एक मुलगी बसली होती. जळगाव जामोदची, नर्सिंग शिकणारी. साडूभाऊ तिच्याजवळ टेकले. "कशी लागली वं माय?"

"खारट, काका."

"तो खायचा सोडा. पोटातल्या आम्लानं जंतू मरू नये म्हणून देतात. त्याच्यामागं काही?"

तिनं जीभ फिरवून प्रामाणिकपणे विचार केला. "नाही काका. काहीच नाही."

त्यांनी खिशातली वही काढली, 'चव: काही नाही' असं लिहिलं आणि तिला म्हणाले, "पानी पी वं भरपूर."

परतीच्या एसटीत मी त्यांना चिडवायला दोन-तीन गोष्टी योजून ठेवल्या होत्या, पण काढल्या नाहीत. अकोला मागे पडलं तरी ते बाहेरच बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले वाटे, कायतरी लागत असन."