खाण म्हणजे खड्डा

आमच्या शेतात खाण कधीच नव्हती. हे ठासून सांगावं लागतं, कारण वालूरच्या बाजारात अजूनही एखादी बाई मला बघून शेजारणीला कोपरानं ढोसते आणि दोघी भाजीचा भाव न करताच पुढे सरकतात.

माझा नवरा गावोगाव सोलर बसवून द्यायचा. हात चांगला होता आणि तोंड त्याहून चालू. नको तिथं थट्टा करायची खोड होती त्याला. आता नाही.

आमची पहिली मुलगी बारशाआधीच गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, म्हणून तिला शेतात कडुलिंबाखाली ठेवलं. मी बाळंतीण, मला कुणी जाऊ दिलं नाही. सासूबाईंनी परत येऊन सांगितलं, मीठ घातलं, वर काटे टाकले, दगड रचले आणि मुठीत एक रुपया दिला. "मोकळ्या हातानं कशाला धाडायचं," म्हणाल्या. तिच्याबद्दल मला माहीत आहे ते एवढंच. त्या जागेवर नांगर फिरू नये, कुणाचा पाय पडू नये, याशिवाय मी त्या घराकडं दुसरं काही मागितलं नाही. बाकीचं रान नवरा बटईनं, अर्ध्या वाट्यावर, कसायला द्यायचा, पण लिंबाखालचा तुकडा सोडून.

पुढं चीनमध्ये बिटकॉइन काढायला बंदी झाली आणि तिकडची जुनी यंत्रं इकडं स्वस्तात यायला लागली. पुण्याच्या मित्राकडून नवऱ्यानं एक आणलं. बिटकॉइन म्हणजे काय हे त्यानं मला कितीदा तरी समजावलं. मला कळलं ते असं, की यंत्र दिवसभर गणितं सोडवत बसतं आणि त्याच्या बदल्यात न दिसणाऱ्या नाण्याचा एखादा कण नावावर पडतो. वीज मात्र राक्षसासारखी खातं. लाइटबिलावर चालवलं असतं तर घर विकावं लागलं असतं. म्हणून त्यानं लोकांनी काढून टाकलेल्या सोलरच्या प्लेटा जमवल्या आणि शेतात पत्र्याचं शेड ठोकलं, तेही लिंबाला खेटून. झाडाची सावली नको म्हणून प्लेटा लांब लावाव्या लागल्या, तार दुप्पट गेली.

"दुसरीकडं बांधा की," मी म्हणाले.

"तिच्यापशी बसून ऱ्हाईन," तो म्हणाला.

ऊन वर आलं की यंत्र घोंघावायला लागायचं आणि ढग आला की गप्प व्हायचं. माझ्या चुलत दिराचं शेत आमच्या बांधाला लागून. तो एकदा आवाज ऐकून आला.

"काय करायलाय हे?"

"मायनिंग."

"म्हंजी?"

"खाणकाम. नाणी काढायलोय. रोज थोडी थोडी निघायलीत," नवरा म्हणाला आणि हसला.

दीर हसला नाही. त्यानं शेडमध्ये डोकावून बघितलं, मग बराच वेळ लिंबाखालच्या दगडांकडं बघितलं.

गुप्तधनाची बातमी गावभर व्हायला आठवडाही लागला नाही. शेड नेमकं तिथंच का बांधलं, याचं उत्तर सगळ्यांना आपोआप मिळालं होतं. एका सकाळी मी नळावर गेले, तर पाठमोरी एक बाई म्हणत होती, "लेकरू दिल्याबिगर धन वर येतंय का कुठं?" मी घागर खाली ठेवली आणि विचारलं, "काय म्हणलीस?" ती म्हणाली, "मी कुठं काय म्हणले?" त्या बाईचा राग मला अजून येतो. तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

मग कुणीतरी तक्रार केली. तलाठी आले. अवैध उत्खननाची तक्रार होती. आमच्याकडं उत्खनन म्हणजे वाळू नाहीतर मुरूम, तिसरं काही नाही. तलाठ्यांनी सगळं रान पायाखाली घातलं.

"खड्डा कुठंय?"

"खड्डा न्हाई साहेब."

"मग खाण कशी?"

नवऱ्यानं यंत्र दाखवलं, मोबाइलवर आकडे दाखवले. पत्र्याखाली उभे राहून ते बिचारे घामानं निथळले. शेवटी म्हणाले, सेलूला या, तहसीलमध्ये साहेबांना तुम्हीच समजावा.

आम्ही दोघं सेलूला गेलो. साहेबांनी खोदून खोदून विचारलं. तारेवर आकडा टाकलाय का? सरकारी पंपाच्या प्लेटा आहेत का? वीज कुणाला विकता का? नवरा म्हणाला, "प्लेटा माझ्या, तार माझी. ऊन तर कुणाच्या बापाचं न्हाई." मी टेबलाखाली त्याचा पाय दाबला. साहेबांनी दोनचार फोन लावले आणि मग सांगितलं, की याला सरकारची मान्यता नाही, पण बंदीही नाही. बंदी येणार येणार म्हणतात. आली की बंद करा, तोवर मिळेल त्यावर कर भरा. उत्खननाचा मात्र यात काही संबंध नाही.

येताना नवरा गाडीवर मान मागं वळवून वळवून सांगत होता, "ऐकलं का? गुन्हा न्हाई म्हणले." खूप दिवसांनी तो मोकळा हसत होता. मलाही हलकं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

शेताजवळ आलो तर यंत्र चालूच होतं, कारण ऊन होतं. लिंबाखाली माणसं उभी होती. लख्ख दुपार, सगळी ओळखीची माणसं, आणि आम्हाला बघून एकही पळालं नाही. दगड बाजूला नीट रचून ठेवले होते. मातीच्या ढिगात मीठ पांढरं दिसत होतं. मी उतरले, नवरा गाडी स्टँडला न लावताच उतरला, गाडी पडली, आणि तो तिथंच खाली बसला. मी खड्ड्यात बघितलं नाही. आई म्हणून बघायला हवं होतं का, मला अजून कळलेलं नाही.

दीर पुढं आला. कोपरापर्यंत माती लागलेली. त्यानं हात उघडून दाखवला. काळा पडलेला एक रुपया होता.

"निघालं न्हवं?" तो म्हणाला. "तुमी न्हाई म्हणत हुता."

"ते तिच्या मुठीतलं हाय," मी म्हणाले. "माझ्या पोरीचं हाय."

"वहिनी, जमिनीत घावलेलं धन सरकारचं असतंय," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "जमा करावं लागतंय."

आणि त्यानं मूठ मिटली. मी दोन्ही हातांनी त्याची बोटं उघडायला लागले. ती उघडेनात, आणि भोवतीची माणसं बघत उभी होती.